दोन टोकांचा वारा

२ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग.

चौकशीचा अहवाल आला. दोनशे चौदा पानं. पोस्टमननं सहीसाठी दार वाजवलं तेव्हा हे स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसले होते. अपघाताला साडेतीन महिने झाले, पायाचं हाड जुळलं, आणि आता या घरात एकही स्क्रू असा उरला नाही जो ह्यांनी काढून पुन्हा बसवलेला नाही. पाकिटाकडे पाहिलं, म्हणाले, "ठेव तिकडे." आणि परत मिक्सर. मग मीच वाचला. पंधरा वर्षं छापखान्यात प्रुफं तपासते आहे, कायद्याची, दातांची, विटा भाजण्याची. कळत नाही म्हणून वाचायचं नाही, अशी चैन मला परवडत नाही.

निष्कर्ष एका ओळीचा आहे. वैमानिकानं उतरताना विमानाचा वेग नको इतका कमी होऊ दिला आणि विमान परत वर उचलायला उशीर केला. म्हणजे सगळं ह्यांच्या माथी. शेवटच्या रांगेतले ते निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको गेली, तीही ह्यांच्यामुळेच. परवाना कायमचा रद्द. अपिलाला नव्वद दिवस.

आता पान अठ्ठावन्न. तिथे लिहिलंय, "वातकर्तनाची शक्यता तपासली, आढळली नाही." वातकर्तन म्हटल्यावर मला आधी न्हाव्याचं दुकानच आठवलं. खाली टीप आहे की यालाच विंड शिअर म्हणतात आणि त्याचे प्रकार असतात. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आता काय उपयोग." ह्यांच्या तोंडी सध्या एकच वाक्य आहे, "माझाच उशीर झाला." मीठ संपलंय म्हटलं तरी तेच म्हणतील असं वाटायला लागलंय.

तू त्याच विमानतळाच्या हवामान कार्यालयात सतरा वर्षं काढलीस, शेवटची सहा तर प्रमुख म्हणून. तुला नाही विचारायचं तर कुणाला? फोन नको. हे पलीकडच्या खोलीत असतात, आणि तुझ्या त्या बढतीच्या गावी आवाज अर्धाच पोचतो. लिहून पाठव. लहानपणी मला भागाकार शिकवायचास तसं, न चिडता.

ह्यांना अपील नको आहे. मला हवं आहे. माझा नवरा अठ्ठावीस वर्षं विमानं उतरवत होता आणि त्या दिवशी अचानक ते विसरला, हे मला पटत नाही.

तुझी,
चिमणी


९ जुलै

चिमणे,

अनेक आशीर्वाद. चाळिशी ओलांडलीस तरी जीभ तशीच. न्हाव्याच्या दुकानावरून इथे मी एकटाच हसलो, आणि शिपाई दाराआडून बघून गेला की साहेबांना झालं तरी काय.

तर ऐक. विमानाला जमीन कळत नाही. त्याला फक्त पंखांवरून वाहणारी हवा कळते. समोरून बारा नॉटचा वारा असला, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटरचा, सायकलवाल्याला दमवील इतका, की पंखांना ते बारा फुकटात मिळतात. तो वारा एकाएकी पडला की फुकटचे बारा गेले. वर तोच मागून यायला लागला की पदरचेही गेले. थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा बदलणं, याचं नाव विंड शिअर. वर आकाशात हे झालं तर चहा सांडतो. जमिनीजवळ झालं तर सावरायला जागा नसते.

आता प्रकार. पहिले दोन ढोबळ. उभा, म्हणजे खाली एक वारा आणि वर दुसराच. आणि आडवा, म्हणजे उंची तीच, पण इथे एक वारा आणि मैलभर पुढे दुसरा. मग ते कशामुळे होतं त्यावरून नावं. पहाटे जमीन गार पडते, तिच्यावर थंड हवेची चादर पसरते आणि त्या चादरीवरून जोराचा वारा घसरत जातो. खाली झाडाचं पान हलत नाही आणि हजार फुटांवर धुमाकूळ चाललेला असतो. नवशिके यालाच फसतात, कारण आकाश कसं धुतल्यासारखं स्वच्छ असतं. दुसरा, थंड आणि गरम हवा जिथे एकमेकींना भिडतात त्या सीमेवरचा. नकाशात ती रेघ आम्ही फार प्रेमानं काढतो. तिसरा समुद्रकाठचा, दुपारी पाण्यावरून आत शिरणाऱ्या वाऱ्याचा. चौथा डोंगराचा. वारा कड्यावरून पलीकडे उतरताना गरगरतो, दगडामागे ओढ्याचं पाणी फिरतं तसा. यावर मी एकदा टिपण लिहिलं होतं. वरच्यांनी ते वाचलं नाही, पण फाईल मात्र केलं.

पाचवा वादळी ढगाखालचा. तो क्वचित होतो आणि तुमच्या प्रकरणात नव्हता.

आता मोठा भाऊ म्हणून सांगतो, अपिलाच्या नादी लागू नकोस. चौकशी मंडळानं सगळं तपासलंय. कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की उशीर झाला. माणूस कबूल करून मोकळा झाला की त्याला मोकळं राहू द्यावं. त्यांना इकडे आठवडाभर घेऊन ये. हवा बरी आहे.

तुझा,
दादा


१६ जुलै

प्रिय दादा,

भागाकारापेक्षा सोपं निघालं. छापखान्यात माझ्या टेबलावर दोन पंखे आहेत, एक खिडकीकडून, एक दाराकडून. काल प्रुफाचा लांब कागद मधे धरून उभी राहिले. कागद आधी माझ्याकडे वाकला, मग एकदम पलीकडे. छापायचे खिळे जुळवणारे काका म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?"

पण एक बोलू का? पहिल्या चारांना तू जीव ओतून लिहिलंस. चादर काय, ओढा काय. पाचव्याला दीड ओळ. मी लेखकांची प्रुफं वाचून पोट भरते, दादा. लेखक कुठे घाईत निघून गेला ते मला लगेच दिसतं, आणि बहुतेक वेळा घोळही तिथेच असतो.

त्यातून सात प्रवाशांनी जबाबात म्हटलंय की उतरताना डोंगरावर काळा ढग होता. एका बाईनं तर "शाई सांडल्यासारखा" म्हटलंय. मंडळानं तिच्या जबाबापुढे "तांत्रिक ज्ञान नाही" असा शेरा मारलाय. ढग बघायला कसलं ज्ञान लागतं?

तेव्हा पाचवा नीट सांग. तो आमच्या प्रकरणात नव्हता हे नंतर. आधी तो असतो कसा ते सांग.

हे आता बाथरूमचे नळ उघडतायत.

चिमणी


२८ जुलै

चिमणे,

उत्तराला उशीर झाला, तपासणीची धावपळ होती.

पाचवा म्हणजे वादळी ढग मोठा झाला की त्याच्या पोटातली गार, जड हवा एकदम खाली कोसळते. बादलीभर पाणी फरशीवर उपडं केलं तर ते जसं चहूकडे पसरतं, तशी ती जमिनीला आपटून पसरते. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत आणि पाचेक मिनिटांत संपणारं. ह्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. सगळ्यांत कपटी हाच, कारण तो आधी देतो आणि मग काढून घेतो. विमान त्याच्यात शिरतं तेव्हा पसरणारी हवा समोरून येते. वेग वाढतो, विमान वर उचललं जातं. वैमानिकाला वाटतं, आपण फार वर राहिलो, वेगही जास्त झाला. तो थ्रॉटल मागे ओढतो, इंजिनाचा जोर कमी करतो. शिकवलेलंच असतं तसं, आणि कुणीही शहाणा माणूस तेच करील. पुढच्या क्षणी तो त्या कोसळणाऱ्या हवेखाली येतो आणि ती त्याला दाबते. त्याच्या पुढच्या क्षणी पलीकडे निघतो, तर आता पसरणारी हवा मागून. म्हणजे इंजिनाचा जोर कमी, वरून दाब आणि वेग तीस-चाळीस नॉटनी गायब. जमीन तीनशे फुटांवर. जोर पुन्हा द्यायचा म्हटलं तर इंजिनाला सहा-सात सेकंद लागतात. बहुतेकांना ती मिळत नाहीत.

एवढं वर्णन वाचून तुला वाटेल की हेच झालं असणार. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. असं काही धावपट्टीजवळ झालं तर धावपट्टीच्या दोन टोकांना वारा वेगवेगळा दिसतो. आमच्याकडे दोन्ही टोकांना वारा मोजायची यंत्रं आहेत, तीन पेल्यांची, फिरणारी. आम्ही त्यांना भिंगऱ्या म्हणतो. एक डोंगराकडच्या टोकाला, एक गावाकडच्या. त्यांचे आकडे आम्ही वहीत लिहितो आणि टॉवरला फोनवर सांगतो, टॉवर ते वैमानिकाला सांगतो. त्या दिवशी दोन्हीकडे समोरून बारा नॉट. एका नॉटचाही फरक नाही. अहवालात आहे, बघ. तेव्हा विषय संपला.

दादा


६ ऑगस्ट

प्रिय दादा,

विषय संपला नाही.

पान एकसष्ट. विमानातल्या नोंदयंत्राचा तक्ता. चारशे वीस फुटांवर वेग अचानक अकरा नॉटनी वाढतो. लगेच थ्रॉटल मागे. पाच सेकंदांनी वेग चौतीस नॉटनी खाली. थ्रॉटल पुन्हा पूर्ण पुढे. जमिनीला लागेपर्यंत पाच सेकंद. मंडळ म्हणतं, थ्रॉटल मागे घेणं हा "अनाकलनीय निर्णय". तुझ्या पत्रात तोच "कुणीही शहाणा माणूस" करील असा आहे. तुझं पत्र आणि तो तक्ता शेजारी ठेवून वाचले, दादा. एकाच मजकुराच्या दोन प्रती असाव्यात तसे जुळले.

मग मी परिशिष्ट सात काढलं, तुझ्या दोन भिंगऱ्यांचं. मार्च महिन्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे, शेजारी शेजारी दोन रकाने. मला वाऱ्यातलं कळत नाही, पण रकाने कळतात. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे. कधी एखाद्या ठिकाणी एकाचा फरक. असेल म्हटलं, तू म्हणतोसच सारखा असतो.

पण सहा मार्च, सकाळी साडेनऊ. गावाकडच्या टोकाला वारा ८० नॉट. त्याच्या आधी ०७, नंतर ०९. म्हणजे ०८ लिहिताना हात घसरला, आकडे उलटे पडले. कुणाचाही पडतो. ऐंशीचा वारा आला असता तर तुमच्या कार्यालयाचं छप्पर पुढच्या गावात सापडलं असतं. हे ठीक.

शेजारच्या रकान्यात, डोंगराकडच्या टोकालाही ८०.

आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. दोन पुस्तकांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्याचा काही अर्थ नाही, बरोबर सारखंच असतं. पण चूक सारखी असली तर एकानं दुसऱ्याची नक्कल केली आहे. दोन वेगळ्या यंत्रांनी, दोन किलोमीटर अंतरावर, एकाच मिनिटाला एकच आकडा उलटा कसा काढला?

मी ह्यांना अजून काही बोलले नाही. उगाच आशा दाखवायची आणि मग काढून घ्यायची, ते मला जमणार नाही. तू सांग.

चिमणी


१४ ऑगस्ट

चिमणे,

परिशिष्ट टंकलेखकानं तयार केलं आहे. त्याच्याकडून एका ओळीत चूक झाली असेल. अशा शेकडो होतात. तुझ्यासारख्या माणसाला प्रत्येक ठिपक्यात कट दिसतो, हा तुझ्या धंद्याचा दोष आहे. तू पुस्तकं तपास, यंत्रांचं आम्हाला बघू दे.

मी सतरा वर्षं त्या कार्यालयात इमानानं काम केलं. मंडळानं आमच्या नोंदी "अखंड व व्यवस्थित" म्हटल्या आहेत, तेही वाचलंच असशील.

कॅप्टनसाहेबांचा विचार कर. त्यांचं मन आता कुठे स्थिर होत असेल. अपिलात हरलात तर तो माणूस उरणार नाही. मी तुझ्या बऱ्यासाठी सांगतो आहे.

दादा


५ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आलं आणि मी गप्प बसले. टंकलेखक म्हणालास, मी मान्य केलं. मोठा भाऊ म्हणालास, तेही मान्य केलं. माझं चुकलं असं स्वतःला समजावून आठवडाभर खाली मान घालून प्रुफं तपासली.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी हे त्या पोस्टमास्तरांच्या मुलीकडे गेले. मला न सांगता, चांगला शर्ट घालून. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दुकानामागे दोन खोल्यांत एकटीच राहते. हे तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचे आईवडील माझ्या चुकीमुळे गेले." तिनं आत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं. चहा केला. आणि म्हणाली, "तुम्ही स्वतः आलात. मी माफ केलं तुम्हाला. आता झोप घेत जा." हे घरी येऊन मला सांगताना इतके रडले की मला त्यांचा चेहरा धरून ठेवावा लागला. मी तेव्हा मनातून तुझे आभार मानले की तू मला थांबवलंस.

पण सवय जात नाही. बुधवारी सुट्टी काढून मंडळाच्या कार्यालयात गेले. अपिलासाठी मूळ नोंदवही बघायचा हक्क आहे म्हटलं. काचेमागचा कारकून म्हणाला, हात लावायचा नाही, पानं मी उलटतो. त्यानं उलटली. सहा मार्च. टंकलेखकाचा काही दोष नाही, दादा. हातानं लिहिलंय, निळ्या शाईत, दोन्ही रकान्यांत ८०. आकडे इंग्रजीत, आणि आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्यं. मला आकडे काढायला ज्यानं शिकवलं त्याचा आठ मी ओळखणार नाही? मी स्वतः तसाच काढते.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐंशीचं, भिंगऱ्यांचं, तुझ्या अक्षराचं. ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "पण दादाच मला म्हणाले होते."

काय म्हणाले होते, विचारलं. तेव्हा कळलं. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी तू हॉस्पिटलात ह्यांच्या उशाशी बसलास. मी खाली औषधं आणायला गेले होते. ह्यांना नीट आठवत नव्हतं, आपण थ्रॉटल का ओढलं तेच समजत नव्हतं. हे तुला म्हणाले, "पायाखालची फळीच काढून घेतल्यासारखं झालं, वारा फिरला का हो?" आणि तू ह्यांचा हात हातात घेऊन म्हणालास, "वारा कुठला, कॅप्टन. तुमचा थोडा उशीर झाला. होतं असं. लिहून द्या, कबुली दिली की फार ताणत नाहीत." वाऱ्यातलं ज्याला कळतं, वर बायकोचा भाऊ, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं? ह्यांनी लिहून दिलं.

ते वाक्य ह्यांचं नव्हतंच. तुझं होतं.

अपिलाची मुदत तीस सप्टेंबर. तू पुढे होऊन सांगणार आहेस की नाही, एवढंच कळव. मी ऐंशीचा मुद्दा मांडणारच आहे, पण मंडळाच्या कार्यालयातला एक वकील म्हणाला की एका आकड्यावर कुणी निकाल फिरवत नाही. लिहिणाऱ्यानं कबूल केलं तरच.

मी.


२४ सप्टेंबर

चिमणे,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्या दोन पत्रांत "समजा एखाद्या कार्यालयात" अशी सुरुवात होती. माझं मलाच वाचवेना.

जानेवारीत डोंगराकडच्या भिंगरीची केबल उंदरांनी खाल्ली. मी आठ दिवस तो रकाना मोकळा ठेवला. वरून पत्र आलं, रकाने रिकामे का, खुलासा करावा. केबल मागवली तर म्हणाले, पुढच्या तिमाहीत. तोवर भरून घ्या असं कुणी लिहून दिलं नाही, पण फोनवर हसत हसत सुचवलं. मग गावाकडचाच आकडा तिकडे उतरवायला लागलो. मधूनच एखाद्याचा फरक ठेवायचो, खरं वाटावं म्हणून. आधी मी, मग पाळीवरचे सगळेच. फेब्रुवारीत पुन्हा तक्रार केली की यंत्र बंद आहे. उत्तर आलं, "आकडे नियमित प्राप्त होत असताना यंत्र बंद कसे?" यावर काय लिहिणार होतो मी? आम्ही महिनाभर बनवून पाठवतोय म्हणून?

त्या दिवशी पाळी माझीच होती. चार वाजून दहा मिनिटांनी टॉवरचा फोन आला. "डोंगराकडचं काय?" मी म्हणालो, "तोच. समोरून बारा." रकाना मोकळा असता तर टॉवरनं सांगितलं असतं की तिकडचा वारा माहीत नाही, आणि वर काळा ढग बघून कॅप्टननी विमान तेव्हाच वर उचललं असतं. त्यांना मी ओळखतो. ते जोखीम घेणारे नाहीत.

त्या कार्यालयात माझ्या टेबलामागे खिडकी आहे. तिच्यातून डोंगराकडची वाऱ्याची पिशवी सरळ दिसते, काठीला बांधलेली, लाल-पांढरी. मान वळवली की दिसते. मी वळवली नाही. दोन महिने न बघता आकडा लिहायची सवय लागली होती. आवाज झाला, सायरन वाजला, तेव्हा उठून पाहिलं. पिशवी गावाकडे ताठ उभी होती. म्हणजे डोंगराकडून उतरणाऱ्या विमानाला वारा मागून, वीसच्या वर. मला त्या मिनिटाला कळलं. दोन दिवसांत नवी केबल आली, कुणी काही बोललं नाही, आणि मला बढती देऊन इथे धाडलं.

हॉस्पिटलात मी काय म्हणालो ते कॅप्टननी तुला बरोबर सांगितलंय. भीती हे एकच कारण आहे. कबुली आली की चौकशी खोलात जात नाही, हे मला ठाऊक होतं. ते झोपून होते, मी उभा होतो. मला वाटलं, यांचं जे व्हायचं ते झालंय, निदान मी तरी वाचतो. नंतर तुझी पत्रं आली तर उत्तरं लिहितानाही मला बरं वाटायचं. शिकवायला मला आवडतं. मायक्रोबर्स्टचं लिहिताना तर मी विसरूनच गेलो होतो की कुणाचं सांगतोय.

सोबत सही केलेला जबाब दोन प्रतींत जोडला आहे. त्यात सगळं आहे, दोन मृत्यूंचा संबंधही स्पष्ट लिहिला आहे. द्यायचा की नाही ते तू ठरव. चार महिन्यांनी मी निवृत्त होतो. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

मंडळाची क्षमा जबाबात मागितली आहे. तुझी इथे मागतो. कॅप्टनची त्यांच्यापुढे उभं राहून मागायची आहे, त्यांनी येऊ दिलं तर.

दादा


११ नोव्हेंबर

दादा,

जबाब मी पत्र आलं त्याच दिवशी दाखल केला. द्यायचा की नाही ते मी ठरवावं, असं लिहिलंस. शेवटचं ओझंसुद्धा बहिणीच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालास. वहिनीला मीच फोन केला. तिनं ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

निकाल तुला कळलाच असेल. ह्यांना दोषमुक्त केलं. परवाना परत देतायत, वैद्यकीय तपासणीनंतर. तुझ्या निलंबनाचं कागदावर वाचलं. वरून ज्यांनी फोनवर हसत सुचवलं त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. तुला त्याचं वाईट वाटत असेल तर वाटू दे.

ह्यांनी निकालाचं पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, "आता तरी सुटलात." तर म्हणाले, "हो. पण मलाही जरा आधी कळायला हवं होतं ना. उशीर झाला माझा." तू पेरलेलं ते वाक्य मंडळाला खोडता येत नाही. मला तर नाहीच येत. विमानात ते पुन्हा बसतील की नाही कोण जाणे. तू भेटायला येऊ नकोस. ह्यांनी नाही म्हटलेलं नाही. ते चांगले आहेत, येऊ देतील. मी नाही देणार.

हे पत्र मात्र एवढ्यासाठी लिहिलेलं नाही.

परवा पोस्टमास्तरांची मुलगी आमच्या घरी आली. हातात वर्तमानपत्र. बसायला सांगितलं, बसली नाही. ह्यांना म्हणाली, "यात लिहिलंय की चूक तुमची नव्हती." हे म्हणाले, "हो, तसं ठरलंय." ती म्हणाली, "मग मी माफ केलं ते कुणाला?"

ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. म्हणाली, ते माफ करायला मला पाच महिने लागले होते. रोज थोडं थोडं केलं होतं. तुम्ही दारात उभे राहिलात त्याच्या आधीपासून करत होते. आता ते सगळं चुकीच्या माणसाला गेलं, आणि पुन्हा पहिल्यापासून करायची माझ्यात ताकद आहे की नाही मला माहीत नाही.

मी तिला सांगितलं, चूक माझ्या भावाची. तिनं विचारलं, "त्यांनी माफी मागितली का?" मी हो म्हणणार होते. आत गेले, तुझं पत्र काढलं आणि ओळ न ओळ पुन्हा वाचली. मंडळाची मागितली आहेस. माझी मागितली आहेस. ह्यांची मागायची म्हणालास. ती दोघं तुझ्या सबंध पत्रात एकदाच येतात, "दोन मृत्यू" म्हणून. त्यांना एक मुलगी आहे, हे मी तुला पाच सप्टेंबरला लिहिलं होतं. दुकानामागच्या दोन खोल्या, चहा, सगळं.

बाहेर येऊन मी तिला खरं ते सांगितलं. नाही म्हटलं.

तिला तुझा पत्ता दिला आहे. ती लिहील. तिला उत्तर दे.

चिमणी